हिरव्या पुठ्ठ्याच्या दोन वह्या

तीन हजार एकशे चाळीस माणसांत माझा नंबर तीन हजार एकशे बत्तिसावा आला. ही बातमी घरात सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती, पण समोरच्या फ्लॅटमधल्या मेहुलभाईंनी ती जिन्यातच जाहीर केली. त्याच स्पर्धेत ते स्वतः अकरावे आले होते. "तुमच्या मागे आठ जण आहेत ना, कमलाकांतभाई, त्यांचं नेट गेलं असणार," असं सांत्वनही त्यांनी केलं. माझी पत्नी दीपा शाळेत गणित शिकवते. तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली, मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली आणि "अहो, यात पास व्हायला किती लागतात?" एवढंच विचारलं.

स्पर्धा पोकरची होती, फोनवरची. खऱ्या पैशाचे असले खेळ आता कायद्यानं बंद झालेत, आणि चालू असते तरी मी त्या वाटेला गेलो नसतो, कारण आमच्याकडे पगार झाल्याचा मेसेज आधी दीपाच्या फोनवर येतो. आमच्या ॲपमध्ये सगळ्यांना फुकटच्या, सारख्या चिपा मिळतात. संपल्या की तुम्ही बाहेर. शेवटपर्यंत टिकेल तो पहिला, आणि बक्षीस म्हणजे नावापुढे एक पिवळा मुकुट. हातात दोन पत्ते, मध्ये आधी तीन, मग एकेक असे पाच उघडायचे, आणि प्रत्येक वेळी ठरवायचं की चिपा लावायच्या की हातातले पत्ते टाकून द्यायचे. बस्स, एवढाच खेळ. मी मूळचा माकुणसारचा. गौरीच्या जागरणात पत्ते कुटतच लहानाचा मोठा झालो. त्यामुळे हा खेळ आपल्याला येतोच, असं मी धरून चाललो होतो. येतंच असं धरून चालणं ही माझी जुनी खोड आहे.

ती खोड पोसली गेली तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या एका केमिकल कंपनीत मी चोवीस वर्षं आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार. मी शिफ्ट इन्चार्ज, आणि सुरक्षेचे कागदही माझ्याकडेच. आमच्या गेटवर एक मोठा बोर्ड आहे: 'अपघाताविना दिवस'. त्याखालचा आकडा रोज सकाळी मी स्वतः खडूनं बदलतो. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा तो एकोणीसशे सोळा होता. दोन हजार झाले की मंडप, भाषणं आणि प्रत्येकाला एक प्रेशर कुकर असं ठरलेलं. त्याच्या थोडं आधी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट होतं, आणि ते सुरळीत पार पडलं की मी असिस्टंट मॅनेजर होणार, असं आमचे प्लँट मॅनेजर प्रदीपसाहेब दोनदा म्हणाले होते. दुसऱ्यांदा तर त्यांनी माझ्या खांद्यावर हातही ठेवला होता.

असा माणूस तीन हजार एकशे बत्तिसावा येतो, आणि तेही जिन्यात, म्हणजे फारच झालं. मी ठरवलं की शास्त्रशुद्ध शिकायचं.

कारखान्यातल्या माणसाचं शास्त्र वहीपासून सुरू होतं. आमच्याकडे 'निअर मिस रजिस्टर' नावाची वही असते. अपघात होता होता राहिला, कुणाचा पाय घसरला पण लागलं नाही, झाकण उडालं पण डोक्यावर पडलं नाही, तर त्याची नोंद त्यात करायची, म्हणजे पुढल्या वेळी खराच अपघात होत नाही. पाच वर्षांपूर्वी कंपनीनं हिरव्या पुठ्ठ्याच्या अशा सहा वह्या छापून घेतल्या. त्यातली पहिलीच अजून पाचव्या पानावर होती, कारण मी दर महिन्याच्या अखेरीस तीत एकच शब्द लिहीत असे: निरंक. खाली सही. अक्षर मात्र सुरेख. उरलेल्या पाच वह्या कपाटात धूळ खात होत्या. त्यातली एक मी घरी आणली. ही चोरी आहे का, यावर मी रिक्षात बसून बराच विचार केला आणि रद्दीत जाणाऱ्या वस्तूला चोरी म्हणत नाहीत असा निकाल स्वतःच्या बाजूनं दिला.

वहीतले रकाने पोकरला इतके चपखल बसले की छापणाऱ्याला हा खेळ येत असावा असं वाटलं. तारीख, वेळ, काय घडलं, का घडलं, निर्णय कोणाचा, पुन्हा घडू नये म्हणून उपाय. माझी पहिली नोंद अशी:

'सकाळी ७.१०. हातात राजा आणि तिर्री. राजा दिसला म्हणून लावत गेलो. समोरच्याकडे राजा आणि एक्का. सर्व चिपा गेल्या. का घडलं: राजाचा मोह. निर्णय: क. चुरी. उपाय: राजा दिसला की आधी त्याच्या शेजारी कोण बसलंय ते पाहणे.'

'निर्णय: क. चुरी' हे लिहिताना जरा चमत्कारिक वाटलं. चोवीस वर्षांत कुठल्याही वहीत, कुठल्याही रकान्यात, मी कशाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतलेली नव्हती. पण इथं दुसरं कुणाचं नाव घालणार? खेळत मी एकटाच होतो.

पुढची अडचण नेटवर्कची. आमच्या सोसायटीचं नाव सागरदर्शन. सागर आमच्यापासून दोन रिक्षा बदलून गेल्यावर दिसतो, आणि फोनचं नेटवर्क फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे. आणि सेक्रेटरी मेहुलभाई. मी त्यांच्या दारात जाऊन किल्ली मागितली तेव्हा ते झोपाळ्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि एकदम सरकारी आवाजात म्हणाले, "मित्र म्हणून आत्ता देतो. पण सेक्रेटरी म्हणून नाही देता येत. अर्ज करा."

अर्ज केला. कारणाच्या जागी 'मानसिक व्यायाम' लिहिलं. तो परत आला, कारण व्यायामासाठी गच्ची वापरायला मागच्याच वर्षी एका झुंबा क्लासमुळे बंदी आली होती. दुसऱ्या अर्जात 'अभ्यास' लिहिलं, तर 'कोणत्या परीक्षेचा, पुरावा जोडावा' असा शेरा आला. शेवटी कमिटीची सभा बसली. "जुगाराचा अड्डा होईल" असं तळमजल्यानं म्हटलं, "तुमच्या वयाला गीता बरी" असं पहिल्या मजल्यानं म्हटलं, आणि ज्यांच्या डोक्यावर गच्ची होती त्या दुसऱ्या मजल्यानं फक्त खुर्ची ओढायची नाही एवढं लिहून घेतलं. ठराव क्रमांक चौदा असा झाला: क. चुरी यांस सकाळी सात ते आठ किल्ली देण्यात यावी, मात्र त्या बदल्यात त्यांनी टाकी भरण्यावर लक्ष ठेवावं, भरली की खाली वॉचमनला फोन करून पंप बंद करायला सांगावं, आणि रोजची नोंद ठेवावी. अशा रीतीनं मी सोसायटीचा बिनपगारी पाणीवाला झालो.

तिसऱ्याच रविवारी माझ्या हातात दोन एक्के आले. ज्यांनी पोकर खेळलेलं नाही त्यांना सांगतो, दोन एक्के म्हणजे याहून चांगलं काही येतच नाही. मी श्वास रोखून एकेक चिप पुढे सरकवत होतो. मागे टाकी भरली. भरून वाहायला लागली. मला आवाज येत होता, पण तो मला शुभशकुनासारखा वाटला. मध्ये पाचवं पान उघडलं, समोरच्याकडे तीन अठ्ठ्या निघाल्या, माझे एक्के मेले, आणि मी मान वर केली तेव्हा काशीबाईंचे बोंबील पाण्यात तरंगत होते.

काशीबाई तळमजल्यावर राहतात. सातपाटीच्या. सगळा जन्म मासळी सुकवण्यात आणि विकण्यात गेला, आता मुलाकडे असतात, पण हौस म्हणून गच्चीवर दोन चटया बोंबील सुकत घालतात. त्या वर आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि म्हणाल्या, "अरं कमलाकांता, तुला टाकी बगायला ठेवला का बोंबलांना आंघोळ घालायला? चार दिस सुकवले, परत दर्यात घातलंस माज्या बाबा!"

मी माफी मागितली, गुडघ्यावर बसून बोंबील वेचायला लागलो आणि बरे दिसणारे वेगळे ठेवू लागलो. त्यांनी माझा हात धरला. "नाय नाय. भिजलेलं टाकायचं. मया करायची नाय. बरा दिसतो म्हनून एक ठेवलास तर आक्खी रास नासवंल." आणि चार दिवसांची मेहनत त्यांनी एका मिनिटात बादलीत लोटली. चेहऱ्यावर काही नाही. दोन एक्के गेल्याचं दुःख मी अर्धा तास करत होतो आणि ही बाई दोन चटया बोंबील टाकून खाली चहा ठेवायला निघून गेली.

त्या दिवशीची नोंद लिहिताना उपायाच्या रकान्यात मी लिहिलं: 'पत्ते बरे दिसतात म्हणून ठेवू नयेत. काशीबाई.' आणि खरं सांगतो, तिथून माझा खेळ सुधारला. दहापैकी आठ वेळा मी पत्ते टाकून देऊ लागलो. नंबर चौदाशेवर आला, मग सहाशेवर, मग एका रविवारी दोनशे बारा. दीपानं "म्हणजे आता वरच्या वर्गात" असा शेरा मारला. कंपनीतही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक छोटी स्पर्धा असायची. प्लँटमध्ये फोन न्यायला बंदी आहे, म्हणून मी कँटीनच्या मागं बाकावर बसून खेळू लागलो. हिरवी वही रोज पिशवीत.

आता जिवल्याबद्दल सांगायला हवं. जिवल्या मनोरच्या पलीकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात घरची भाताची शेती, एरवी आमच्याकडे कंत्राटावर, सोळा वर्षं. वीस फूट उंचीच्या लोखंडी प्लॅटफॉर्मवर पावडरची पोती चढवायची आणि रिअॅक्टरच्या तोंडात रिकामी करायची, हे त्याचं काम. वयानं माझ्याएवढाच, पण बोलणं माझ्या एक दशांश. त्या पावसाळ्याआधी तो माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "साहेब, वरची जाळी हालते हाय."

प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला लोखंडी जाळ्या असतात, त्या खालून क्लिपांनी आवळलेल्या असतात. तारापूरच्या हवेत क्लिपा गंजतात. मी म्हटलं, "पाहतो." तो पंधरा दिवसांनी परत आला. "साहेब, ती जाळी." मी म्हटलं, "मेंटेनन्सला सांगतो." सांगितलंही. मेंटेनन्स म्हणालं, वेल्डिंग करायचं तर प्लॅटफॉर्म बंद ठेवायला परवानगी पाहिजे. परवानगीचा कागद म्हणाला, कारण लिहा आणि रजिस्टरमधल्या नोंदीचा क्रमांक घाला. रजिस्टर म्हणालं, निरंक. हा कागद घेऊन मी प्रदीपसाहेबांकडे गेलो. "चुरीसाहेब, आता प्लॅटफॉर्म बंद केला तर माल वेळेवर जाईल का?" ते म्हणाले. "ऑडिट होऊ दे. मग निवांत करू." जिवल्या तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला हेच सांगितलं, फक्त 'आपण' असं म्हणून. तो "बरं" म्हणाला. तो नेहमीच "बरं" म्हणतो.

बोर्डावर एकोणीसशे एक्क्याऐंशी असताना, एका बुधवारी, दुपारच्या स्पर्धेत मी नववा आलो. एक हजार दोनशे माणसांत नववा! कसा आलो तेही सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं आहे. चिपा कमी उरल्या होत्या, घंटा व्हायला सात मिनिटं होती, आणि हातात सत्ती आणि दुर्री आली. याहून वाईट पत्ते नसतात. काशीबाईंना स्मरून टाकायला हवे होते. पण बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं, माझी एकाग्रता मोडली होती, मी न बघताच हातानं 'नंतर, नंतर' अशी खूण केली, आणि त्याच तिरमिरीत सगळ्या चिपा लावल्या. समोरच्याकडे दोन राण्या. पाचवं पान उघडलं ते सत्ती, त्याआधी एक सत्ती आलेलीच होती. तीन सत्त्या! मी बाकावरून उठून नाचलो. तेव्हा बाजूला कुणीच नव्हतं, नाहीतर मिठी मारली असती. संध्याकाळी पेढे घेऊनच घरी गेलो. मेहुलभाईंना दोन दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला जिवल्याचा पाय जाळीतून गेला.

जाळी एका बाजूनं सरकली, तो पोत्यासकट खाली चालला, आणि कठड्याला कोपर अडकल्यामुळे तिथंच लटकला. दोघांनी वर खेचला. पोतं आणि त्याचा डावा बूट वीस फूट खाली काँक्रीटवर पडले. मी धावत पोचलो तेव्हा तो शिडीवरून उतरत होता, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. खाली आल्यावर त्यानं आधी पोतं फुटलंय का ते पाहिलं. मग मला म्हणाला, "साहेब, बूट मिळंल का दुसरा?"

प्रदीपसाहेब आले, त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, जिवल्याकडे पाहिलं. "लागलं नाही ना? देवाची कृपा. चुरीसाहेब, पट्टी बांधून घ्या. बाकी निरंक." मीही देवाची कृपा म्हणालो. जाळीभोवती लाल-पांढरी फीत बांधली, जाळी नायलॉनच्या दोरीनं आवळली, त्या महिन्याच्या ओळीत 'निरंक' लिहिलं, आणि शुक्रवारी सकाळी गेटवर खडूनं एकोणीसशे त्र्याऐंशी केलं. आकडा काढताना तीन जरा वाकडा आला.

त्याच संध्याकाळी मेहुलभाई पेढ्याच्या बदल्यात माझा खेळ तपासायला आले. ॲपमध्ये प्रत्येक डाव पुन्हा पाहता येतो. सत्ती-दुर्रीचा डाव त्यांनी दोनदा पाहिला आणि फोन माझ्या हातात परत दिला. "कमलाकांतभाई, खोटं नाही बोलणार. हे जिंकणं नाही. हे वाचणं आहे." मी म्हटलं, नववा आलो ना? ते म्हणाले, "चुकीचं खेळून जिंकलात ना, तर तेच परत कराल. हरला असता तर शिकला असता. तुमच्या त्या वहीत एक खानो वाढवा: निर्णय की नशीब."

मला राग आला. माणसानं पेढे खाऊन असं बोलू नये. पण शनिवारी सकाळी गच्चीवर पट्टी घेऊन मी तो रकाना आखला आणि मागच्या सगळ्या नोंदी तपासायला बसलो. जिंकलेल्या किती ठिकाणी 'नशीब' लिहावं लागलं ते सांगत नाही. हरलेल्या काही ठिकाणी 'निर्णय बरोबर' असंही लिहिता आलं, दोन एक्क्यांच्या डावात, उदाहरणार्थ, बोंबील वगळता. सत्ती-दुर्रीच्या ओळीवर येऊन थांबलो, तेव्हा मला कंपनीतली दुसरी हिरवी वही आठवली. ती आठवण मी लगेच टाकून दिली. टाकायला मी आता शिकलो होतो.

ऑडिटच्या दिवशी बोर्डावर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. गिऱ्हाईक कंपनीकडून समिधा मॅडम आल्या. तिशीच्या आतबाहेर, स्वतःचे सेफ्टी शूज स्वतः आणलेल्या, काजूच्या बशीकडे न पाहणाऱ्या. प्रदीपसाहेबांनी कॉन्फरन्स रूममध्ये अत्तर मारून ठेवलं होतं. दोन तास सगळं ठीक चाललं. मग त्या म्हणाल्या, "निअर मिस रजिस्टर बघू."

मी टेबलावरची हिरवी वही उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

त्या वाचू लागल्या. एक पान, दुसरं पान, तिसरं. प्रदीपसाहेब माझ्या कानाशी "आवडलेलं दिसतंय" असं पुटपुटले. मला आश्चर्य वाटलं, कारण पाच पानांच्या निरंकला इतका वेळ लागत नाही. मग मला माझ्या खुर्चीजवळची पिशवी दिसली आणि तिच्यातून डोकावणारा हिरवा पुठ्ठा दिसला. सकाळी कंपनीची वही व्यवस्थित पिशवीत घालून, माझी मी टेबलावर ठेवली होती.

"फार चांगलं लिहिलंय," समिधा मॅडम म्हणाल्या. "'का घडलं: पेढ्यांची घाई. निर्णय: क. चुरी.' असं कुणी लिहीत नाही. फक्त या काशीबाई कुठल्या विभागात आहेत?"

जमीन दुभंगावी असं म्हणतात, पण तारापुरात जमिनीखाली पाइपलाइन असते, त्यामुळे तसं काही झालं नाही. मी खरं ते सांगितलं. पोकर, गच्ची, तीन हजार एकशे बत्तीस, सगळं. प्रदीपसाहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "आमचे चुरीसाहेब जरा छांदिष्ट आहेत." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी पिशवीतली वही दिली. ती वाचायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. मग त्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"एकीत सत्तर दिवसांत एकशे बारा नोंदी. दुसरीत पाच वर्षांत एकही नाही. म्हणजे तुम्हाला लिहिता येत नाही असं नाही."

"मॅडम, घडलंच नाही तर लिहिणार काय?" प्रदीपसाहेब म्हणाले.

"बरोबर आहे. मग एवढंच करा." त्या माझ्याकडे वळल्या. "हा शेवटचा रकाना तुम्ही हातानं आखलाय ना? तसा या वहीत आखा, आणि एकदाच भरा. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी दिवस. निर्णय की नशीब?"

प्रदीपसाहेब माझ्याकडे बघत होते, आणि ती नजर मला पूर्ण कळत होती: खांद्यावरचा हात, असिस्टंट मॅनेजर, कुकर. 'निर्णय' असा तीन अक्षरी शब्द लिहायचा होता. सुरेख अक्षरात. मला मात्र काँक्रीटवर पडलेला बूट दिसत होता. त्याची नाडी बांधलेलीच होती. पायातून बूट निघाला तो नाडी न सुटता, म्हणजे त्याला किती जोरात खेचलं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मला फार लाज वाटली. दोन महिने मी राजा-तिर्रीचं दुःख तपशीलवार लिहीत होतो, आणि हा माणूस माझ्या समोर लटकला होता.

मी पट्टी घेतली, रकाना आखला आणि लिहिलं: नशीब. मग म्हटलं, "मॅडम, प्लॅटफॉर्मवर चला. पण फितीच्या पलीकडे पाय ठेवू नका."

पुढचं थोडक्यात सांगतो. प्लॅटफॉर्म सहा दिवस बंद राहिला. जाळ्या उचलल्या तेव्हा चोवीसपैकी पाच क्लिपा धरून होत्या, त्यातल्या दोन हातानं निघाल्या. माल उशिरा गेला. गिऱ्हाईक कंपनीनं आम्हाला सोडलं नाही, पण तीन महिन्यांनी परत येतो म्हणून कळवलं. बोर्डावरचा आकडा नियमाप्रमाणे तसाच वाढत राहिला, कारण अपघात झालेलाच नव्हता. दोन हजारला मंडप पडला, कुकर मिळाले. आमच्या कुकरची शिट्टी चांगली आहे. माझ्या बढतीचा 'पुढल्या वर्षी विचार करू' असं प्रदीपसाहेब म्हणाले, आणि या वेळी हात खिशातच ठेवले. दीपाला मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं वहीतली ती 'नशीब'ची ओळ वाचली. मग "उत्तर बरोबर आहे. उशिरा आलं," म्हणाली. शाळेत ती अशा उत्तराला अर्धे मार्क देते.

पण त्याआधी, प्लॅटफॉर्म उघडला त्या सकाळी, मला एक नोंद पुरी करायची होती. ज्याच्यावर बेतलं त्याची सही लागते. मी जिवल्याला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला. नवे बूट घातले होते. मी पेन पुढे केलं, पण त्यानं घेतलं नाही.

"काय लिवलंय, वाचा," म्हणाला.

मी वाचलं: "प्लॅटफॉर्मची जाळी सरकली. जिवल्या पडता पडता वाचला. जाळी हलते असं त्यानं आधी तीन वेळा सांगितलं होतं. दुर्लक्ष केलं. निर्णय: क. चुरी."

वाचून झाल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. कदाचित मला, मोठ्या मनाचा साहेब म्हणून, काहीतरी ऐकायचंही होतं. त्यानं मान हलवली.

"तीन नाय, साहेब. चार."

"चार?"

"आदल्या दिशी आलो व्हतो. कँटीनच्या मागं. तुमी फोनवर व्हते." त्यानं हात उचलून खूण करून दाखवली, अगदी माझ्यासारखी. "नंतर, नंतर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो फक्त नोंद दुरुस्त करत होता. बुधवार, दुपार, सत्ती-दुर्री, तीन सत्त्या. बाकावरून उठून मी नाचलो होतो, तेव्हा तो प्लॅटफॉर्मच्या शिडीकडे परत चालला असणार.

मी 'तीन'वर काट मारली, शेजारी 'चार' लिहिलं आणि काट मारल्याची सही केली. वही पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

मग त्यानं पेन घेतलं.